मदत हवी आहे: औषध देऊनही मांजरीला पुन्हा जंत

मनी दोन वर्षांची आहे. महिन्यापूर्वी तिच्या शेपटीखाली केसांना चिकटलेले पांढरे दाणे दिसले. वाटलं, कुठेतरी लोळून आली असेल. मग त्यातला एक चक्क हलला! सुकले की तेच दाणे तिळासारखे दिसतात. आधी मीच शहाणपणा करून पायरँटेल पाजलं, उपयोग शून्य. मग डॉक्टरांनी प्राझिक्वांटेलची गोळी दिली आणि सगळं थांबलं. काल अंथरुणावर पुन्हा तेच दाणे. खाणं, खेळणं, वजन सगळं ठीक आहे. ती घराबाहेर पाऊलही टाकत नाही, मग जंत येतात कुठून? डोस कमी पडला का? घरात रांगतं बाळ आहे, त्याची धास्ती वेगळीच.

प्रतिसाद १
गोळीला दोष देऊ नका, पिसवा शोधा. हा टेपवर्म, म्हणजे चपटा जंत. दाणे म्हणजे त्याचे अंड्यांनी भरलेले तुकडे. ती अंडी पिसवांच्या अळ्या खातात, अळीची पिसू होते आणि मांजर अंग चाटताना ती गिळते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत दाणे दिसायला लागतात. तुमचा महिना जुळतोय ना? प्राझिक्वांटेल पोटातले जंत मारतं, उद्या गिळलेल्या पिसवेचं काही करत नाही. पायरँटेल गोल जंतांवर आणि अंकुशकृमींवर चालतं, यांच्यावर नाही. बारीक दातांची फणी फिरवा. काळे कण निघाले तर ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

धागाकर्ती
पसरला! पण मला एकही पिसू कधी दिसली नाही. शेजारच्यांकडे कुत्र्याचं पिसवांचं औषध आहे, त्यातलं थोडं लावू का?

प्रतिसाद २
अजिबात नको!! कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला त्याने झटके येतात, जीवही जातो. मांजरांसाठीचंच औषध वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या आणि निदान तीन महिने सलग लावा, कारण कोषातल्या पिसवा मागाहून बाहेर येत राहतात. घरात दुसरं मांजर-कुत्रं असेल तर त्यालाही. अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपरे रोज झाडा. प्राझिक्वांटेल पुन्हा द्यावं लागेलच.

बाळाला हा जंत पिसू गिळली तरच होतो, क्वचित. मला काळजी गोल जंतांची जास्त वाटते. त्यांची अंडी विष्ठेतून पडल्यावर लगेच बाधत नाहीत, त्यांना दिवस लागतात. म्हणून मनीची शी रोजच्या रोज काढा आणि बाळाला त्या ट्रेजवळ रांगू देऊ नका.