गावठी पिल्लांना लस द्यावी का? माझं मत: राणीखेतची तरी द्यायलाच हवी

परसदार

चैत्र लागला की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि जत्रांच्या मागोमाग कोंबड्यांची मर. आज एका घरची कोंबडी हिरवट-पांढरं हगते, पंख पाडून बसते, मान वाकडी करते. उद्या शेजारणीची. आठवडाभरात सगळ्या आळीतली खुराडी रिकामी. राणीखेत, गावात मानमोडी म्हणतात तीच.

यंदा आमच्या बचत गटातल्या काही जणींनी एकदिवसीय पिल्लं घेतलीत, काहींच्या घरी खुडूक कोंबडीखालची गावठी पिल्लं आहेत. लस द्यायची की नाही यावरून गटात सरळ दोन तट पडलेत. म्हणून इथे विषय मांडते आणि माझं मत आधीच सांगते. पोल्ट्रीवाल्यांसारखा सगळा लसीकरण तक्ता परसातल्या कोंबड्यांना लावायची गरज नाही. पण राणीखेतची लस प्रत्येक पिल्लाला मिळायलाच हवी, मग घरात चारच पिल्लं का असेनात.

या रोगावर औषध नाही. विषाणूचा रोग, त्यामुळे मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या पुड्या पाण्यात गेल्यासारख्याच. हळद, लसूण, कांद्याचा रस, सगळं करून पाहतात बायका. आणि कोंबड्या म्हणजे बाईच्या हातातला पैसा आहे. पोराच्या वह्या, दवाखान्याची रिक्षा, नवऱ्यापुढे हात न पसरता होणारा खर्च. तो पैसा आठवड्यात जातो आणि पुन्हा पिल्लं धरून अंड्यावर यायला सहा महिने जातात.

लस तरी किती? पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा या सौम्य लसीचा थेंब, आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बी या जरा कडक लसीचं इंजेक्शन. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी कारणासकट लिहावं.

रानवारा

ताई, तळमळ कळते, पण मी लसीच्या विरोधातच लिहिणार.

गावठी कोंबडी टिकली ती लसीवर नाही. उकिरडा उकरून, ऊन-पाऊस खाऊन टिकली. साथ येते, अशक्त जातात, चिवट उरतात आणि पुढची पिल्लं त्या चिवट कोंबडीची होतात. तुम्ही प्रत्येक पिल्लाला लस देऊन जगवायला लागलात की ही निवड थांबली. मग गावठी आणि ब्रॉयलर यांत रंगापलीकडे फरक तो काय राहिला? आमच्या घरी एक कोंबडी साथीतून वाचली, तिची पिल्लं पुढच्या साथीत मेली नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं, लस म्हणजे जिवंत विषाणू. तो आपण आपल्याच हाताने अंगणात आणायचा?

आणि मॅरेकच्या (कोंबड्यांना लुळं करणारा, अंगात गाठी आणणारा विषाणूचा रोग) लसीचं उदाहरण समोर आहे. लस दिलेली कोंबडी मरत नाही, पण विषाणू पसरवत राहते. २०१५ साली संशोधकांनी दाखवून दिलं की त्यामुळे अतिजहाल विषाणूलाही टिकून राहायला, पसरायला वाव मिळतो. ज्या घरात लस नाही तिथल्या कोंबड्यांनी याची किंमत का मोजायची?

कोकणातला

माझा विरोध तत्त्वाचा नाही, हिशोबाचा आहे.

आमच्या वाडीत एका घरी दहा-बारा पिल्लं. लसीची बाटली लहानात लहान शंभर डोसची. ती एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. बर्फात ठेवून आणायची. तालुक्याचा दवाखाना लांब, एसटी वेळेवर नाही, पावसाळ्यात लाईट दिवसदिवस नसते. फ्रिजमधली लस जिवंत आहे की मेलेली हे कोण सांगणार? पाण्यासारखी थेंब थेंब घालायची आणि आपण सुरक्षित म्हणून बसायचं.

शिवाय खरं सांगा, पिल्लं मरतात कशाने? आमच्याकडे मुंगूस, घार, धामण, रानमांजर यांनीच अर्धा घास नेलेला असतो. राहिलेली पहिल्या पावसात गारठून आणि रक्ती हगवणीने जातात. रक्ती हगवणीला ही लस चालत नाही. मग तोच पैसा मी खुराड्याच्या बारीक जाळीला, जमिनीपासून हातभर उंच तळाला आणि कोरड्या तुसाला का लावू नये?

ग्रामीण पशुवैद्य

नोकरीच खेड्यातल्या दवाखान्यात असल्याने राहवत नाही.

रानवारा यांनी पाहिलं ते खरं आहे, कारण मात्र वेगळं आहे. साथीतून वाचलेल्या कोंबडीच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि अंड्याच्या बलकातून ती पिल्लात उतरतात. ही आईची शिदोरी दोन-तीन आठवडे पुरते, मग संपते. साथ त्या काळात आली तर पिल्लं वाचतात आणि आपल्याला वाटतं वाणच चिवट आहे. महिन्या-दीड महिन्याने आली असती तर तीच पिल्लं गेली असती. आपल्या देशात या रोगाची नोंद झाली ती १९२० च्या दशकाच्या शेवटी, कुमाऊँतल्या राणीखेतला. तेव्हापासून शंभरेक वर्षं गावठी कोंबड्या त्याने मरताहेत. नुसत्या निवडीने प्रश्न सुटायचा असता तर एव्हाना सुटला असता.

जिवंत विषाणूबद्दल: थेंबाच्या एफ आणि लासोटा या लसींतले विषाणू सौम्य आहेत. थेंब दिल्यावर एक-दोन दिवस पिल्लू शिंकेल, जरा मलूल राहील, एवढंच. आर-टू-बीतला विषाणू मात्र मुक्तेश्वर नावाच्या जातीचा, जरा जहाल. तो सहा आठवड्यांच्या आत कधीही टोचू नका, पिल्लं आजारी पडतात, मरतातही. लस देणाऱ्याने हात साबणाने धुवावेत आणि डोळे चोळू नयेत. माणसाचे डोळे चार दिवस लाल होऊ शकतात, बाकी सहसा काही होत नाही.

मॅरेकचा मुद्दा परसातल्या निर्णयात बसत नाही. ती लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी द्यायची असते, घरी पिल्लं आली की ती वेळ गेली. पिल्लं घेताना दिली आहे का एवढं विचारायचं. पण एक गोष्ट मी लपवणार नाही. राणीखेतची लस घेतलेली कोंबडीसुद्धा बाहेरून जहाल विषाणू आला तर काही दिवस तो थोडाफार बाहेर टाकते. कमी टाकते, पण टाकते. त्यामुळे एकट्याच्या घरी लस आणि शेजारी मोकळा, हे अर्धवट काम आहे.

माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रार कसली येते माहीत आहे? "लसीनेच मेल्या." चौकशी केली की कळतं, गावात मर सुरू झाल्यावर लस मागायला आले होते. रोग अंगात शिरलेला, त्यावर थेंब. लसीचा गुण यायला दहा-बारा दिवस लागतात, कोंबडी पाचव्या दिवशी जाते. नाव लसीचं होतं आणि पुढची पाच वर्षं ते गाव लस घेत नाही.

सातासमुद्रापार

मी कॅलिफोर्नियात मागच्या अंगणात कोंबड्या पाळते. इथे पिल्लं पोस्टाने येतात आणि हॅचरी मॅरेकची लस देऊन पाठवते. राणीखेतची लस घरगुती कोंबड्यांना फारसं कोणी देत नाही, कारण जहाल राणीखेत इथे एरवी नसतोच. पण २०१८ ते २०२० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात तो शिरला, बहुतेक परसातल्या कोंबड्यांतच, आणि तो संपवायला बारा लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले.

भारतात रोग कायमचा मुक्कामाला आहे. तिथे कोणी सरसकट कोंबड्या मारून तो संपवणार नाही, म्हणून लसीशिवाय मार्ग दिसत नाही. इंटरनेटवर परदेशातले लेख वाचून "घरगुती कोंबड्यांना लस लागत नाही" असं म्हणणाऱ्यांनी हा फरक पाहावा.

रानवारा

डॉक्टर, आईच्या शिदोरीचा मुद्दा पटला. पण तुमच्याच बोलण्यातून माझं म्हणणं सिद्ध होतं. शेजारी मोकळा असेल तर लस अर्धवट. मग शंभर टक्के गाव लस घेईपर्यंत माझं अंगण प्रयोगशाळा का व्हावं? मी बाजारातून कोंबडी आणतच नाही. माझ्याकडे बाहेरचं पाखरू येत नाही, गेलेलं परत घेत नाही. माझ्या मते ही शिस्त लसीहून मोठी आहे.

परसदार

शिस्तीचं म्हणणं सोळा आणे मान्य. बाजारात न खपलेला कोंबडा संध्याकाळी परत आणून थेट खुराड्यात सोडणं, ही आमच्याकडे मर यायची मुख्य वाट आहे. जत्रेसाठी आणलेला कोंबडा चार दिवस अंगणात बांधून ठेवतात तीही. नवं पाखरू निदान दोन आठवडे वेगळ्या डालग्यात, असा नियम गटात आम्ही करतोच आहोत.

पण तुमचं अंगण एकटं, शेताच्या मध्ये असेल. आमच्या आळीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. माझी कोंबडी सकाळी कुणाच्या दारात कणी टिपते आणि दुपारी कुणाच्या गोठ्यात लोळते हे मला माहीत नसतं. कावळा मेलेलं पिल्लू उचलून दुसऱ्याच्या परसात टाकतो. तिथे एकटीची शिस्त पुरत नाही. आणि चिवट उरतील ती उरतील, हे म्हणायला ज्याच्याकडे दुसरी मिळकत आहे त्याला परवडतं. आमच्या गटात एका बाईकडे दोनच कोंबड्या आहेत. त्यातून निवड कसली करायची?

कोकणातले दादा, तुमच्या हिशोबाला मात्र उत्तर देता येतं. शंभर डोसची बाटली एका घराला जास्त, आळीला बरोबर. कोणाची पिल्लं सातव्या दिवसाची, कोणाची पंधराव्या, हे जुळवायला महिन्याचा एक वार ठरवायचा. त्या दिवशी वय पाच दिवसांच्या पुढे असलेल्या प्रत्येक पिल्लाला थेंब. काहींचे दिवस मागेपुढे होतील, पण अजिबात न देण्यापेक्षा ते लाखपटीने बरं. एकीने थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायची, ऊन चढायच्या आत सकाळीच उरकायचं. पिल्लू मुठीत आडवं धरून डोळ्यात थेंब टाकायचा आणि ते डोळा मिचकावून थेंब आत घेईपर्यंत सोडायचं नाही. लगेच सोडलं तर ते डोकं झटकतं, थेंब जमिनीवर आणि आपण समजतो लस झाली. मोठ्या पिल्लांना पाण्यातून द्यायची तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातलेलं नळाचं पाणी चालत नाही. विहिरीचं पाणी घ्यायचं, लिटरला पाच ग्रॅम सायीविना दुधाची पावडर मिसळायची आणि आधी दोन तास पाणी तोडायचं म्हणजे सगळी एकदम पितात.

जाळीच्या खुराड्याचं तुमचं म्हणणं मी विरोध म्हणून घेतच नाही. मुंगूस रोज एक पिल्लू नेतो, राणीखेत एका आठवड्यात सगळी नेतो. दोन्हींचा बंदोबस्त लागतो.

कोकणातला

वार ठरवायची कल्पना चालण्यासारखी आहे. आमच्या वाडीत घरं डोंगरउतारावर विखुरलेली, पण शाळेपाशी सगळ्यांना जमता येईल. लस जिवंत आहे का, ही शंका मात्र कायम.

ग्रामीण पशुवैद्य

शंका रास्त आहे. बाटली घेताना मुदत बघा, आतली वडी कोरडी आणि घट्ट असली पाहिजे. ओलसर, चिकट झालेली दिसली तर घेऊ नका. दवाखान्यातून घेताना फ्रिजमधून काढून तुमच्या समोर बर्फात ठेवायला सांगा, त्यात संकोच करू नका. उष्णतेला जरा जास्त टिकणारी आय-टू नावाची लस आफ्रिकेतल्या खेड्यांत वापरतात. मोझांबिक, टांझानियात बिनफ्रिजच्या गावांनी तिच्यावर कोंबड्या राखल्या. आपल्याकडे अशा लसी सहज मिळायला हव्यात, ही मागणी ग्रामसभेतून वर गेली तर बरं होईल.

आणखी एक. ही लस राणीखेतची आहे, बर्ड फ्लूची नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूच्या साथीत जे झालं ते पुन्हा नको असेल तर अचानक खूप कोंबड्या मेल्या की "मानमोडीच असेल" म्हणून पुरून टाकू नका किंवा ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा. दोन्ही रोग नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात.

अंगणातली नवखी

माझी पिल्लं आज पंधरा दिवसांची झाली, पहिला थेंब राहिला. आता थेट आर-टू-बी द्यायचं का? आणि गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती मारणारा विषाणूचा रोग) लस लागेल का?

ग्रामीण पशुवैद्य

थेट आर-टू-बी नको. आता लासोटाचा थेंब द्या, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्या, मग आठ आठवडे भरल्यावर इंजेक्शन. बल्बखाली एका खोलीत शंभरेक सुधारित जातीची पिल्लं असतील तर गंबोरोची लस द्यावी. पण राणीखेतचा थेंब आणि गंबोरो एकाच दिवशी नको, मध्ये आठवडा जाऊ द्या. आईमागे फिरणाऱ्या दहा-बारा गावठी पिल्लांना मी गंबोरोचा आग्रह धरत नाही. डास फार असतील तर सहाव्या-सातव्या आठवड्यात कोंबड्यांच्या देवीची लस मात्र द्या, ती डासांमुळे पसरते.

रानवारा

मी माझ्या अंगणात यंदाही देणार नाही. पण परसदार ताई, दोन कोंबड्या असलेल्या बाईचं जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आळीत राहत असतो तर वेगळा विचार केला असता.

परसदार

मग एवढं करा, दादा. तुमच्याकडून कोणी गावठी अंडी उबवायला किंवा पिल्लं पाळायला नेली तर लस झालेली नाही हे त्यांना सांगून द्या. आमच्या गटाचा वार ठरलाय, दर महिन्याचा पहिला मंगळवार. बाजार बुधवारी असतो, म्हणून आदल्या दिवशी.