मदत हवी आहे: नाशपाती फळ धरत नाही, फांद्या वाकवू कशा?

मंडळी, पोर्टलंडजवळ, ऑरेगनमध्ये राहतो. परसात नाशपातीची दोन झाडं आहेत, एक बार्टलेट, एक सेकेल. लावून ४ वर्षं झाली. १२ फूट सरळसोट वर गेलीत, फळ एक नाही. सेकेलला गेल्या एप्रिलमध्ये दोन-तीन झुबके फुलं आली, सगळी गळाली.

आमची नाशिककडे द्राक्षबाग. बाबा फोनवर सांगायचे आणि मी दर हिवाळ्यात ऑक्टोबर छाटणीसारखी कात्री चालवायचो. जिथे कापलं तिथून झाडूसारखे शेंडे. फांद्या वाकवल्या की झाड लवकर फळावर येतं असं वाचलं, म्हणून रविवारी अंगठ्याएवढी फांदी शेंड्याला सुतळी बांधून ओढली. बेचक्यातच कट्ट! सालीवर लोंबतेय. किती वाकवायची, कधी? झाडं लॉनमध्ये आहेत, लॉनचं खत त्यांनाही मिळतं.

---

आधी ती कात्री लपवा. द्राक्षाला घड नव्या फुटीवर येतो. नाशपातीला फळ येतं जुन्या लाकडावरच्या आखूड, सुरकुतलेल्या काटक्यांवर. तुम्ही ते लाकूड जुनं होऊच दिलं नाहीत.

वाकवायची ती उभ्या खोडापासून साधारण ६० अंश. पार आडवी केलीत तर पाठीवर पानसोट (सरळ उभ्या वाढणाऱ्या, फळ न देणाऱ्या फुटी) उठतात. शेंड्याला दोरी बांधली की फांदीची कमान होते, बेचकं अरुंदच राहतं. मधोमध रुंद पट्टी बांधून थोडं थोडं ओढा, तेही झाडात रस चढल्यावर. नवी फूट चार-पाच इंचांची असतानाच तिच्या वर खोडाला कपड्यांचा चिमटा लावा, आपोआप बाहेर झुकते. लॉनचं खत झाडाखाली बंद. नत्राने नुसता पाला वाढतो, आणि कोवळ्या फुटीवर फायर ब्लाइट (फूट जळल्यासारखी काळी करणारा जिवाणूंचा रोग) लवकर येतो.

पण खरी गोम वेगळीच. बार्टलेट आणि सेकेल यांचं एकमेकांशी परागीकरण होत नाही! बॉस्क या तिसऱ्या जातीची एखादी फांदी कलम करा.

---

अरेरे, नर्सरीत कुणी बोललं नाही. झाडाचं लेबल शोधलं, खुंट (ज्या मुळावर कलम बांधलंय ते) ओएचएफ ८७ आहे. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या द्राक्षाच्या डॉगरिज खुंटासारखं." बॉस्कच्या काड्या मित्राकडे मिळतील. फेब्रुवारी संपत आला, उशीर झाला का?

---

नाही. डोळे फुगायच्या आत काड्या कापून आणा, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीतून फ्रिजमध्ये ठेवा. कलम एप्रिलमध्ये करा. फ्रिजमधली सफरचंदं तेवढी बाहेर काढा, त्यांच्या वायूने डोळे मरतात.