मदत हवी आहे : ‘रेस्पिरेटर’ला मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) कामाला आहे. फेटलिंग सेक्शनच्या (इथं ओतीव भागांना चिकटलेली वाळू काढून ते घासून साफ करतात) दारावरची इंग्रजी सूचना मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गाडं एकाच ओळीवर अडलंय : ‘रेस्पिरेटर घातल्याशिवाय आत येऊ नये.’

मी आपलं सरळ ‘श्वसनयंत्र’ लिहिलं. ग्राइंडरवरच्या मामांनी वाचलं आणि म्हणाले, “मला काय आयसीयूत घालतोस व्हय रं?” चूक त्यांची नाही. पूर्वी इंग्रजीतसुद्धा व्हेंटिलेटरला रेस्पिरेटर म्हणायचे. पण व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा ढकलतो. आमच्या रेस्पिरेटरमध्ये श्वास ज्याचा त्यानंच घ्यायचा, तो नुसती हवा गाळतो.

बरं, ‘मास्क’ लिहावं तर लोक निळा सर्जिकल मास्क लावून येतात, नाहीतर गळ्यातला टॉवेल नाकावर गुंडाळतात. वाळूतली सिलिकाची बारीक धूळ कडेच्या फटीतनं आत जाते, आणि त्यानं होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, एकदा झाला की बरा होत नाही. एन-९५ हाही रेस्पिरेटरच. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर तेही नाही.

‘धूळरोधक मुखवटा’ सुचलंय, पण मुखवटा म्हटलं की सोंगच डोळ्यासमोर येतं.

उद्यमनगर, गोकुळ शिरगावकडच्यांनो, तुमच्याकडं फलकावर काय लिहिलंय? आणि पुढं ‘लावा’ की ‘घाला’? सोमवारी पेंटरला मजकूर द्यायचाय.