मदत हवी आहे : प्राणिशास्त्रातील एम.एस्सी.चा एक वर्षाचा पर्याय

नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढच्या शिक्षणाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते किंवा पदवीचे चौथे वर्ष (ऑनर्स) पूर्ण करून एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेता येते. काळ दोन्हीकडे सारखाच लागतो, त्यामुळे माझा प्रश्न वेळेचा नसून कामाच्या दर्जाचा आहे.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आणि शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प असतो. मला गोड्या पाण्यातील माशांवर काम करायचे आहे आणि त्यासाठी पावसाळ्यापूर्वी व नंतर अशा दोन्ही ऋतूंत नमुने गोळा करणे आवश्यक आहे. एका वर्षाच्या एम.एस्सी.त हे नीट साधते का, की चौथ्या वर्षाच्या ऑनर्स प्रकल्पातच त्याची सुरुवात करावी लागते?

दुसरे असे, की सहाय्यक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीत किमान 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे लागते, हे मला ठाऊक आहे. मात्र निवड समित्या एक वर्षाच्या पदवीकडे प्रत्यक्षात कशा पाहतात, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. कार्यप्रशिक्षणासाठी मत्स्यबीज केंद्र स्वीकारले जाते का, हेही कृपया कळवावे.