पासपोर्ट परत केला म्हणजे सुटलो, असं नाही

'अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं की तिथल्या कराशी संबंध संपला' हे म्हणणं अर्धंच खरं आहे. सोडताना अमेरिकी कर खात्याचा फॉर्म ८८५४ भरावा लागतो आणि आधीच्या ५ वर्षांचे कर नियमाप्रमाणे भरल्याचं त्यात शपथेवर लिहून द्यावं लागतं. खरी मेख इथेच आहे. निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलरच्या आत असली, तरी हे लिहून देता आलं नाही तर 'कव्हर्ड एक्सपॅट्रिएट' (म्हणजे नागरिकत्व सोडतानाचा खास कर लागू होणारी व्यक्ती) ठरता. मग नागरिकत्व सोडण्याच्या आदल्या दिवशी सगळी मालमत्ता बाजारभावाने विकली असं धरून नफ्यावर कर! (ठरावीक सूट मिळते म्हणा.) ग्रीन कार्डवाल्यांनीही गाफील राहू नये: शेवटच्या १५ पैकी ८ करवर्षांत कार्ड असेल, तर ते परत करतानाही हेच लागू. वकिलाकडे जाण्याआधी जुनी रिटर्न काढून बघा.