कोल्हापूरची मूळ बाजारपेठ कुठली, महाद्वार की शाहूपुरी?

मंगळवारपेठकर: मंडळी, एक विचारायचंय. महाद्वार रोड, गुजरी (सोन्याचांदीची पेठ), शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी असा सगळीकडं धंदा पसरलाय, पण हे कुठल्या क्रमानं झालं आणि का? वडील म्हणतात शाहूपुरी हीच खरी व्यापारपेठ, आज्जी म्हणते अंबाबाईच्या देवळाभोवतीचा, महाद्वारचा बाजार खरा. जाणकारांनी सांगा की.

पंचगंगाकाठ: आज्जींचं बरोबर आहे, पण त्याच्याही मागं जायला लागतंय. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ ला उत्खनन झालं, सातवाहन काळातली वस्ती सापडली. त्याच टेकडीवर रोमन बनावटीची पोसायडनची (ग्रीकांचा समुद्रदेव) कांस्यमूर्ती मिळालीय, म्हणजे दोन हजार वर्षांमागं कोकणातल्या बंदरांवरनं घाट चढून माल इथवर येत असणार! टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन बघा, एवढीशी मूर्ती आहे पण बघून अंगावर काटा येतो. पुढं वस्ती अंबाबाईभोवती दाटली आणि अठराव्या शतकाच्या शेवटी राजधानी पन्हाळ्यावरनं खाली आली. जुना राजवाडा देवळाच्या शेजारीच, त्यामुळं भाविक आणि दरबार दोन्ही गिऱ्हाईकं एकाच जागी. गुजरी तिथंच आहे ती काय उगंच नाही.

गुळाचा रवा: वडिलांचंही खोटं नाही हां. १८९१ ला मिरजेवरनं रेल्वे आली आणि स्टेशन झालं जुन्या गावाच्या बाहेर. गुळाच्या बैलगाड्या महाद्वारच्या बोळात घालून परत स्टेशनला न्यायच्या म्हणजे अवघडच, म्हणून शाहू महाराजांनी १८९५ ला स्टेशनजवळ शाहूपुरी वसवली. माझ्या मते शहराच्या व्यापारातलं सगळ्यात मोठं वळण हेच, कारण तोवर बाजार देवळाकडं बघून चालायचा, इथनं पुढं तो गुऱ्हाळं आणि रेल्वेकडं बघाय लागला. अडत दुकानं वाढली आणि कोल्हापुरी गुळाचं नाव लांबवर गेलं. नंतर गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, धान्याचं लक्ष्मीपुरीत.

उद्यमनगरवाला: कारखाने विसरू नका रे. १९०६ ला शाहू मिल, मग उद्यमनगरात ऑइल इंजिनं, फौंड्री, आणि आता शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी. राजारामपुरी तर राहायची वस्ती होती, मेन रोडला दुकानं नंतर आली.

मंगळवारपेठकर: भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. सौदे बघायला मिळतात का अजून?

गुळाचा रवा: मिळतात की. दिवाळी पाडव्याला यार्डात मुहूर्ताचे सौदे असतात, वडिलांना घेऊनच जावा.