पेगची नळी (पोटातून थेट जेवण द्यायची): घरच्यांचं समाधान मोजतात का कुठे?

सिडको, नाशिक: मुलगा ६ वर्षांचा, पोटात नळी बसवून ८ महिने झाले, डॉक्टर दर वेळी वजन बघतात नि छान म्हणतात पण आम्हाला कसं जातंय ते कोणी विचारतच नाही, असा फॉर्म असतो का?

पंचवटीकर: असतो ना ताई, सागा-८ म्हणून, ८ प्रश्न, गॅस्ट्रोस्टोमीवाल्या, म्हणजे अशी पोटात नळी बसवलेल्या मुलांच्या घरच्यांसाठीच.

सातपूरची आई: फॉर्म ठीकै हो, पण रात्री २ ला नळी चोंदली की सिरिंजने कोमट पाणी ढकलत बसते मी, ते कुठल्या रकान्यात लिहू? वर सासूबाई, तोंडाने भरव दोन घास!!

सिडको: अगदी 😄 आधी वाटीभर पेजेला दीड तास जायचा, आता २० मिनिटं. हे सांगतेच, आणि झोपेचंही.